विश्रांतीनें न जाणारा थकवा

थकवा दोन प्रकारचा असतो. एक काम केल्यानें येतो आणि दुसरा काम न केल्यानें येतो. पहिल्यावर विश्रांति हें औषध आहे. दुसऱ्याला तीच विश्रांति अपथ्यासारखी वाढवीत नेते. पण अंगाला दोन्ही सारखेच जाणवतात, आणि म्हणून त्यांची ओळख पटण्यांत आपली वारंवार फसगत होते. संध्याकाळीं कचेरींतून परतलेल्या एखाद्या गृहस्थाला विचारावें, "आज किती चाललांत? किती जिने चढलांत? कांहीं ओझें उचललेंत काय?" उत्तर बहुधा येतें, "छे हो, दिवसभर खुर्चीवरच होतों." मग पुढचा प्रश्न ओघानेंच येतो, "तर मग इतके दमलांत कशानें?" या प्रश्नाला त्यांच्यापाशीं उत्तर नसतें. ते पाठ टेकतात आणि म्हणतात, "आतां उठवत नाहीं." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं, त्यांना खरोखरच उठवत नाहीं. तें कां उठवत नाहीं, आणि पुन्हां उठवेल असें शरीर कसें तयार करावें, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

ज्यांना लहानपणापासून खेळाचा, पोहण्याचा किंवा तालमीचा नाद लागला आणि तो टिकला, त्यांना मी नवें असें फारसें सांगणार नाहीं. माझ्या डोळ्यांपुढें आहे तो निराळाच वर्ग. आपल्या शहरांत अशीं असंख्य घरें आहेत कीं, ज्यांतील कर्त्या माणसाचें अर्धें आयुष्य ओढाताणींत गेलें. मुंबईंत १९८२ सालच्या गिरणीसंपानंतर ज्या कुटुंबांतील कमावता हात रिकामा झाला, त्यांतील कित्येक मुलांनीं दिवसा नोकरी आणि रात्रीं अभ्यास करून बँकेंत, विम्याच्या कचेरींत किंवा संगणकापुढें जागा मिळविली. कोठें वडिलांचें कर्ज फेडावयाचें होतें, कोठें धाकट्या भावंडांचीं शिक्षणें होतीं, कोठें घरांत वर्षानुवर्षें चाललेलें आजारपण होतें. बायकांच्या वांट्याला तर कचेरीची खुर्ची आणि घरचा ओटा हीं दोन्हीं आलीं. अशा वर्षांत व्यायामाला वेळ नसतो, आणि जो थोडा वेळ उरतो त्यांत झोपेचें देणें फेडावयाचें असतें.

शिवाय अशा घरांत शरीरश्रम हा हौसेचा विषय कधींच नव्हता. ज्यांच्या आजोबांनीं शेतांत आणि वडिलांनीं गिरणींत उभें राहून देह झिजविला, त्यांना बसून करावयाची नोकरी म्हणजे त्या झिजेंतून सुटका वाटली, आणि ती तशी होतीहि. 'खुर्ची मिळाली' या शब्दांतच मान आहे. म्हणून पन्नाशीच्या आसपास, घराचे हप्ते फिटले आणि मुलें मार्गीं लागलीं, कीं हा माणूस निवांत बसतो. बसण्याचा अधिकार त्यानें पुरेपूर मिळविलेला असतो. त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु स्नायूंना अधिकार कळत नाहीं, त्यांना उपयोग तेवढा कळतो. ज्या वीस-पंचवीस वर्षांसाठीं त्यानें एवढी यातायात केली, तीं वर्षें आतां कोठें पुढें आलेलीं असतात. तीं स्वतःच्या पायांवर घालवावयाचीं कीं दुसऱ्याच्या हाताला धरून, हें बव्हंशीं याच वयांत ठरतें.

हालअपेष्टांची खूण मनावर राहते हें आपण जाणतों. ती शरीरावरहि कशी राहते, याचा एक महत्त्वाचा शोध आपल्या पुण्यांतच लागला आहे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास आरंभिला. त्या मुलांचें जन्मतः वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदम्प्टन येथील बालकांचें तें सुमारें ३.५ किलो होतें. यांत नवल नव्हतें. नवल होतें तें पुढें. आपलीं बालकें उंचीनें, स्नायूंनीं, पोटांतील इंद्रियांच्या आकारानें बरींच कमी होतीं. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. टंचाईच्या काळीं शरीरानें स्नायूंत काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली, असा त्याचा अर्थ. वरून बारीक आणि आंतून मेदयुक्त, अशी ही आपल्याकडची ठेवण आहे.

याच संशोधकांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत एक मौजेचें पण बोधप्रद चित्र छापलें. त्यांत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉक्टर जॉन युडकिन शेजारीं शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचा अगदीं एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. खालच्या ओळींत त्यांनीं थट्टेनें लिहिलें होतें कीं, एक लेखक मॅराथॉन धांवतो, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचें दार मिटण्यापूर्वीं आंत शिरण्यासाठीं रोज सकाळीं घेतलेली धांव. आपलें जन्माच्या वेळचें वजन कमी होतें, याचीहि त्यांनीं तेथें नोंद केली. तात्पर्य, आपल्यापैकीं जो मनुष्य वजनकाट्याकडे पाहून "मी कांहीं लठ्ठ नाहीं" असें समाधान मानतो, त्यानें एकदां कमरेला टेप लावून पाहावी. आपल्या लोकांत पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षां आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षां अधिक असला, तर तो मधुमेह व हृदयविकार यांचा इशारा मानतात. जन्मतःच ज्यांच्या स्नायूंचें भांडवल थोडें, त्यांनीं तें बसून खर्चूं देणें परवडण्यासारखें नाहीं.

आतां बसण्यानें नेमकें काय होतें तें पाहूं. जेवणानंतर रक्तांत जी साखर येते, तिचा मोठा वाटा स्नायु उचलतात. स्नायु काम करीत असतांना इन्शुलिनची फारशी वाट न पाहतां रक्तांतून साखर ओढून घेतात. स्वस्थ असतांना हा मार्ग बंद राहतो आणि सर्व भार इन्शुलिनवर पडतो. पोटऱ्यांचे स्नायु दर पावलाला आवळले जाऊन पायांतलें रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास लोंबकळलेल्या पायांत तें साचून राहतें आणि संध्याकाळीं पाय जड होतात. स्नायूंच्या पेशींत अन्न आणि प्राणवायु यांपासून शक्ति निर्माण करणारे मायटोकाँड्रिया नांवाचे सूक्ष्म कारखाने असतात. मागणी घटली कीं त्यांची संख्या आणि कार्यशक्ति घटते. रक्ताचें एकूण प्रमाणहि थोडें उतरतें, आणि हृदय एका ठोक्यास पूर्वींपेक्षां कमी रक्त बाहेर टाकूं लागतें. परिणाम असा कीं, जो जिना पूर्वीं सहज चढवत असे, त्याला आतां शरीराची जवळजवळ सगळी शिल्लक लागते. त्या जिन्यानें धाप लागली, म्हणून माणूस लिफ्टनें जाऊं लागतो. लिफ्टनें जाऊं लागला म्हणून पुढच्या वर्षीं दुसऱ्याच मजल्यावर धाप लागते. प्रारंभीं मीं ज्या दुसऱ्या प्रकारच्या थकव्याचा उल्लेख केला, तो याच चक्राचा.

हें चक्र किती वेगानें फिरतें याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें वीस वर्षें वयाच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावलें. तेवढ्या अवधींत त्यांच्या शरीराची प्राणवायु वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. पुढें तीस वर्षांनीं, म्हणजे ते पन्नाशींत आल्यावर, त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. सर्वांचें वजन वाढलें होतें आणि चरबीचें प्रमाण सरासरीनें दुप्पट झालें होतें. तरीहि तीस वर्षांच्या वयोमानानें जी क्षमता गेली होती, ती तरुणपणीं तीन आठवड्यांच्या अंथरुणानें गेलेल्या क्षमतेपेक्षां कमीच भरली. आपण ज्याला 'वय झालें' म्हणतों, त्यांत वयाचा वांटा किती आणि नुसत्या बसण्याचा किती, याचा विचार करावयास लावणारी ही गोष्ट आहे.

बैठ्या कामाचे दोष आजच कळले आहेत असें मात्र नव्हे. इटलींतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनीं १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत शिंपी, चांभार अशा बसून काम करणाऱ्यांचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि निदान सुटीच्या दिवशीं तरी अशांनीं अंग हलवावें, असा सल्ला आहे. परंतु या गोष्टीला आंकड्यांचा भक्कम आधार मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, लंडनमध्यें. जेरी मॉरिस या डॉक्टरांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्या व इतर सार्वजनिक वाहनें यांवरील सुमारें ३१,००० कामगारांचा हृदयविकार अभ्यासिला आणि १९५३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी तीच, रस्ता तोच, पगाराचा थरहि जवळजवळ सारखा. फरक एवढाच कीं, चालक पाळीचा बहुतेक वेळ बसलेला असे, आणि कंडक्टर तिकिटें देत दिवसाकांठीं पांचशें ते साडेसातशें पायऱ्या चढे. कंडक्टरांत हृदयाचा झटका कमी आढळला, आणि आला तरी बहुधा उशिरा व सौम्य आला. हाच प्रकार टपाल वांटणारे पोस्टमन आणि टपालखात्यांतले बैठें काम करणारे नोकर यांच्यांतहि दिसून आला.

मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा कीं, १९५६ सालीं त्यांनींच आपल्या निष्कर्षावर एक आक्षेप घेतला. गणवेशांचीं मापें काढून पाहिलीं, तेव्हां चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांच्यापेक्षां अधिक आढळला, आणि हा फरक अगदीं तरुण वयाच्या नोकरांतहि होता. अर्थात् सर्व श्रेय पायऱ्यांना देतां येत नव्हतें. पुढें सरकारी कारकुनांचा अभ्यास करून त्यांनीं व इतरांनीं ही शंका बरीचशी दूर केली: बैठी नोकरी असूनहि जे फावल्या वेळांत अंग घामेजेल असा व्यायाम करीत, त्यांना हृदयविकार कमी होता. बैठ्या नोकरींतल्या माणसाला यापेक्षां अधिक दिलासा देणारी गोष्ट नाहीं. नोकरी सोडावयाची गरज नाहीं, फावल्या वेळांतल्या चलनवलनानें बरीच भरपाई होऊं शकते. मॉरिस स्वतः ग्लासगो शहरांत गरिबींत वाढलेले होते. नव्वदी ओलांडल्यावरहि ते नियमानें व्यायाम करीत, आणि २००९ सालीं, ९९ व्या वर्षीं, वारले.

आतां कोणी म्हणेल, "हें सर्व खरें, पण आमची गाडी चुकली. पंचवीस वर्षें बसलों, आतां काय उपयोग?" याचें उत्तरहि डॅलसच्या त्याच पांच जणांनीं दिलेलें आहे. पन्नाशींत त्यांना सहा महिने हळूहळू वाढवीत नेलेला चालण्याचा, धांवण्याचा किंवा सायकलीचा व्यायाम दिला. सहा महिन्यांनंतर त्यांची सरासरी क्षमता वीस वर्षांच्या वयीं, प्रयोगाच्या आरंभीं होती तेथवर पोंचली. पांच माणसांचा प्रयोग लहानच. पण दुसरे पुरावेहि त्याच दिशेचे आहेत. बोस्टन येथें डॉक्टर मारिया फियाटारोन यांनीं वृद्धाश्रमांतील ८६ ते ९६ वर्षें वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला आणि १९९० सालीं तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांच्या मांड्यांची शक्ति सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. नव्वदीच्या घरांतला स्नायु जर हांकेला ओ देतो, तर पन्नाशीच्या स्नायूनें दिली पाहिजे यांत शंका नाहीं. न वापरलेलें शरीर झिजलेलें नसतें. त्याची संवय मोडलेली असते, आणि मोडलेली संवय पुन्हां लावतां येते.

मात्र ती कशी लावावी येथेंच बहुतेक जण चुकतात. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेस, किंवा रक्ताच्या तपासणीचा कागद पाहून घाबरल्यावर, मनुष्य एकदम पहांटे उठतो आणि कॉलेजांत असतांना जेवढें धांवत असे तेवढें धांवावयास जातो. स्मरण तरुण असतें, गुडघे तरुण नसतात. शरीराचीं सर्व अंगें एकाच गतीनें सुधारत नाहींत, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. हृदय आणि स्नायु कांहीं आठवड्यांत जोर धरूं लागतात. पण स्नायूंना हाडांशीं जोडणारे कंडरे आणि सांध्यांचे भाग यांना महिनोगणती लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत दम वाढलेला असतो, उत्साह आलेला असतो, आणि नेमकी त्याच वेळीं टांच किंवा गुडघा दुखावतो. मग "आपल्याला व्यायाम सोसत नाहीं" असा निकाल देऊन तो गृहस्थ पुन्हां खुर्चींत जाऊन बसतो. सोसला नाहीं तो व्यायाम नव्हे, त्याची घाई.

याकरितां पहिली पायरी अगदीं लहान असावी, इतकी कीं ती घेण्यास मन कांकूं करणार नाहीं. ती म्हणजे बसणें मोडीत जाणें. अर्ध्या तासानें, निदान पाऊण तासानें, एकदां उठावें आणि दोन-तीन मिनिटें फिरून यावें. पाण्याचें भांडें हाताशीं न ठेवतां दूर ठेवावें. दूरध्वनीवरचें बोलणें उभ्यानें किंवा येरझारा घालीत करावें. शेजारच्या खोलींतल्या माणसाला निरोप पाठविण्याऐवजीं स्वतः जाऊन सांगावें. जेवण झाल्यावर पडण्यापूर्वीं थोडें चालावें. शतपावलीची आपली जुनी चाल या दृष्टीनें फार शहाणपणाची आहे, कारण रक्तांत साखर चढत असते त्याच वेळीं पायांचे स्नायु ती उचलावयास लागतात.

दुसरी पायरी चालण्याची. पहिला पंधरवडा दिवसांतून दोन वेळां दहा-दहा मिनिटें पुरे. पुढें हळूहळू वाढवीत, दोनअडीच महिन्यांत रोज अर्धा तास, आठवड्यांतून पांच दिवस, येथवर यावें. गति किती असावी याला घड्याळाची जरुरी नाहीं. चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, एवढी गति योग्य. गातां येत असेल तर पाय उचलावे. बोलतांहि येत नसेल तर आवरावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें असें चालणें, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा व्यायाम, सांगितला आहे. पूर्वीं एका वेळीं निदान दहा मिनिटें तरी झालीं पाहिजेत अशी अट असे. तीहि आतां काढून टाकली आहे. जिन्याचीं दोन मिनिटेंसुद्धां हिशेबांत धरलीं जातात. दिवसाचा बहुतेक वेळ ज्यांना बसावेंच लागतें, त्यांनीं पुढें याहून अधिक साधण्याचा यत्न करावा. दहा लक्षांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ सालीं असें दिसून आलें कीं, आठ तासांहून अधिक बसण्यानें वाढणारा मृत्यूचा धोका रोज तास-सवा तास झपझप चालण्यानें जवळजवळ पुसला जातो.

येथें दहा हजार पावलांविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे, कारण त्या आंकड्यानें पुष्कळांना आरंभापूर्वींच नाउमेद केलें आहे. हा आंकडा कोणा वैद्याच्या प्रयोगांतून निघालेला नाहीं. १९६५ सालीं जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विकावयास आलें, त्याचें नांवच 'दहा हजार पावलें मोजणारें' अशा अर्थाचें होतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, सरासरी ७२ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं रोज सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां पुष्कळच कमी आढळलें, आणि ७,५०० पावलांच्या आसपास हा लाभ स्थिर झाला. म्हणजे सर्वांत मोठा नफा पहिल्या कांहीं पावलांत आहे. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं, त्याला पहिल्या रुपयाची किंमत सर्वांत अधिक, हें अडचणींतून आलेल्या माणसाला समजावून सांगावयास नको.

तिसरी पायरी शक्तीची, आणि हिच्याकडे आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. नुसत्या चालण्यानें दम वाढतो, पण खालीं बसून उठण्याची, पोतें उचलण्याची, तोल सांवरण्याची शक्ति वेगळी मिळवावी लागते. त्यासाठीं उपकरणांची गरज नाहीं. हात न टेकतां खुर्चीवरून उठावें आणि सावकाश बसावें, असें आठ-दहा वेळां. भिंतीपासून हातभर दूर उभें राहून, तळहात भिंतीला टेकून, जोर काढतों तसें पुढें झुकावें आणि मागें यावें, तेंहि तितकेंच. ओट्याला धरून टांचा उचलाव्या. धरावयास आधार जवळ ठेवून एका पायावर दहा-वीस सेकंद उभें राहावें. आठवड्यांतून दोन दिवस, मध्यें एखादा दिवस मोकळा ठेवून, एवढें केलें तरी दोन महिन्यांत जिना वेगळा लागतो. हें सोपें वाटूं लागलें कीं सूर्यनमस्कारांकडे वळावें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आयुष्यभर त्यांचा प्रसार केला तो उगाच नव्हे. थोड्या जागेंत, बिनखर्चांत, हात, पाय, कंबर यांना एकत्र काम देणारा असा दुसरा व्यायाम क्वचित् आढळेल. पण आरंभ दोन नमस्कारांनीं करावा, आणि प्रारंभीं हात जमिनीऐवजीं पलंगाच्या कांठावर टेकले तरी कांहीं बिघडत नाहीं. ज्यांचा रक्तदाब आटोक्यांत नाहीं किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे, त्यांनीं डोकें खालीं जाणारे प्रकार डॉक्टरांना विचारल्यावांचून करूं नयेत.

कांहीं सूचना अधिक स्पष्टपणें दिल्या पाहिजेत. चालतांना छातींत दाब, जबड्यांत किंवा डाव्या हातांत कळ, अंधारी, किंवा थोड्या श्रमानें न ओसरणारी धाप यांपैकीं कांहींहि जाणवलें, तर तेथेंच थांबावें आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. "पित्त असेल" म्हणून सोडून देऊं नये. ज्यांना मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांना व्यायामानें साखर अकस्मात् कमी होण्याचा संभव असतो. त्यांनीं आधीं सल्ला घ्यावा, खिशांत थोडी साखर ठेवावी, आणि रोज रात्रीं पायांचे तळवे तपासावे. स्नायु दोन-तीन दिवस दुखले तर घाबरण्याचें कारण नाहीं. सांधा सुजला किंवा दुखणें दिवसेंदिवस वाढलें, तर मात्र पाऊल मागें घ्यावें. आणि शेवटची गोष्ट, विश्रांतीनें न जाणारा प्रत्येक थकवा बसण्याचाच असतो असें नव्हे. रक्त कमी असणें, कंठग्रंथीचें काम मंदावणें, मधुमेह, झोपेंत श्वास अडकणें, मनाचा दीर्घ विषाद, यांनींहि माणूस असाच गळून जातो. म्हणून आरंभींच एकदां तपासणी करून घेणें इष्ट.

खंड पडेल हें गृहीत धरूनच चालावें. पावसाळ्यांत चार दिवस जाणें होणार नाहीं, घरांत पाहुणे येतील, मार्चअखेर कचेरींत रात्र होईल, ताप येईल. मोठा खंड पडला तर जेथें सोडलें तेथून सुरुवात करूं नये. निम्म्यावर यावें आणि पुन्हां चढत जावें. पूर्वींपेक्षां लवकर चढतां येतें, असाच बहुधा अनुभव येतो.

घरच्या माणसांवरहि यांत थोडी जबाबदारी आहे. आपल्याकडे प्रेम दाखविण्याची एक रीति अशी आहे कीं, वडीलधाऱ्यांना उठूं म्हणून द्यावयाचें नाहीं. "बाबा, तुम्ही बसा, मी आणतों." "आई, तूं कशाला वांकतेस?" हेतु निर्मळ असतो, पण अशा प्रेमानें त्यांच्या दिवसांतलीं उरलींसुरलीं पावलेंहि काढून घेतलीं जातात. आणि घरांतल्या बाईच्या पायांना दिवसभर उसंत नसते, म्हणून तिला व्यायामाची गरज नाहीं, हा समजहि सोडला पाहिजे. ओट्याशीं उभें राहिल्यानें पाय दुखतात, दम वाढत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजांप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांतील सुमारें निम्मे प्रौढ पुरेसें चलनवलन करीत नव्हते, आणि स्त्रियांत हें प्रमाण पुरुषांपेक्षां अधिक होतें. तिला सकाळचा किंवा संध्याकाळचा अर्धा तास मोकळा करून देणें म्हणजे घरांतल्या इतरांनीं त्या वेळचें काम उचलणें. नुसत्या उपदेशानें तो मोकळा होत नाहीं.

ज्यांनीं अडचणीचे दिवस काढले, त्यांच्यापाशीं या कामाला लागणारा मुख्य गुण आधींच असतो, असें मला वाटतें. त्यांनीं कर्ज एका दिवसांत फेडलें नाहीं. दर महिन्याला ठरलेली लहानशी रक्कम, कधीं पोटाला चिमटा घेऊन, ते भरीत गेले. मध्यें एखादा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यांत सांवरला. आणि एके दिवशीं कागद हातांत आला. शरीराचेंहि असेंच आहे, फक्त येथें भरलेला हप्ता आपल्याच खात्यांत जमा होतो. पूर्वींचे श्रम घरासाठीं होते, ते करणें भाग होतें. आतांचे थोडेसे श्रम स्वतःसाठीं आहेत, आणि त्यांत कमीपणा मानण्याचें कांहीं कारण नाहीं.

हें भाषण आपण बहुधा बसूनच ऐकलें असेल. तें संपल्यावर प्रथम हात न टेकतां उठून पाहावें, आणि घरांतल्या घरांत दोन फेऱ्या घालाव्या. आजच्या दिवसाला एवढें पुरे आहे.